चार बोटं जास्त

ज्या वर्षी माझ्या थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षी मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझं माप कधीही चुकत नव्हतं. हे पुढचं सगळं वाचून झाल्यावर तुम्हाला यातलं काहीतरी खोडावंसं वाटेल. वय खोडू नका, ते बरोबर आहे.

चाळीस वर्षं मी बांधकामावर मुकादम होतो. साठ साठ माणसं हाताखाली. वाचता येत नव्हतं, पण भिंत नुसत्या नजरेने बघून सांगायचो की ती वरच्या बाजूला अर्धा इंच झुकली आहे. माणसं सांभाळायची माझी पद्धत सोपी होती. सकाळी एक शिवी, दुपारी दोन, स्लॅब टाकायच्या दिवशी मोजदाद नाही. काम वेळेवर व्हायचं. अक्षरं मात्र मी त्रेपन्नाव्या वर्षी शिकलो आणि तीही बायकोकडून. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली आणि घरी बसून करायला काही उरलं नाही, म्हणून तिने मला पाटी घेऊन दिली. मी तिचा शेवटचा विद्यार्थी, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात उद्धट.

तर ही बायको लग्नाच्या आदल्या वर्षी न्हाणीघरात पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण पायांवर उभं राहणं संपलं. इस्पितळाने एक चाकांची खुर्ची तात्पुरती दिली. घरात सगळं जमलं. अडलं ते चर्चपाशी, कारण आमच्या चर्चला पाच पायऱ्या आहेत.

पहिल्या रविवारी चौघांनी तिला खुर्चीसकट उचललं. तिसऱ्या पायरीवर एकाची चप्पल निसटली. बायको पडली नाही, पण अर्धा मिनिट आडवी लोंबकळत राहिली, सगळ्या मंडळीसमोर. खाली ठेवल्यावर तिने पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "मी पोतं नाही. मला उचलायचं ते एकदाच उचला, शेवटचं. तोवर मी चाकांवर येईन, नाहीतर येणार नाही."

तेव्हापासून ती दर रविवारी बाहेर, खिडकीखाली बसायची. चर्चमध्ये गाणं धरणारा पहिला आवाज तिचाच होता. आता तो खिडकीतून यायचा. आतली मंडळी त्या आवाजामागे धापा टाकत पळायची आणि प्रत्येक कडवं दोनदा संपायचं. एकदा बाहेर, मग आत.

नातीचं लग्न ठरलं आणि तिने फोनवरच जाहीर केलं, "आजी आत बसलेली असेल तरच मी आत येणार. आजी खिडकीबाहेर असेल तर मीही खिडकीबाहेर."

"मग तुझा नवरा?"

"त्याचं तो बघेल."

हा स्वभाव तिच्या आजीकडून आलेला आहे, माझ्याकडून नाही.

पाळक माझ्याकडे आले. तरुण माणूस, बोलणं मऊ. म्हणाले, "काका, पायऱ्यांवरून एक उतार बांधू या. तुमच्याइतकं हे काम कुणाला कळत नाही. लग्नाला तीन महिने आहेत."

मी म्हणालो, "दोनात देतो."

"फक्त एक अट आहे. हे प्रभूच्या घरचं काम. शिवी नको."

मी विचारात पडलो. म्हणजे करवत न देता फळी कापायला सांगण्यासारखं झालं. पण शब्द गेला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "शिव्या काढून घेतल्यावर तुमच्याकडे काय उरतं, ते एकदा मलाही बघायचंय."

ते मला लागलं. मी त्या रात्री ठरवलं की, असं काम करून दाखवायचं की लोक म्हणतील, ख्रिस्ती माणसाने माणसं सांभाळावीत तर अशी.

आता माणसं कोण? एकही एका ठिकाणी नाही. आराखडा काढणारे आमचे जावई, नवरीचे वडील. ते दूरदेशी पूल बांधणाऱ्या कंपनीत. आमच्याकडे संध्याकाळ झाली की त्यांच्याकडे सकाळ. लोखंडी सांगाडा करणारा वेल्डर आमच्या मागच्या गल्लीत. त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कामामुळेही आणि स्वभावामुळेही. लाकडी तक्ते करणारा सुतार चाळीस मैलांवरच्या गावात. आणि चौथी माझी मेहुणी, तिसऱ्याच शहरात. इस्पितळाची खुर्ची परत करायची होती, म्हणून नवी खुर्ची मी घेणार, असं तिने हट्टाने सांगितलं होतं.

मी एक कागद लिहिला. स्वतःच्या हाताने. आयुष्यात पहिल्यांदा मी कामाचे नियम लिहीत होतो, त्यामुळे तीनच सुचले. पहिला, कुणी कुणावर ओरडायचं नाही. दुसरा, मागितलं त्यापेक्षा थोडं जास्तच द्यायचं, कंजूषपणा नको. तिसरा, जास्तीचं केलेलं बोलून दाखवायचं नाही, चांगलं काम गुपचूप करायचं. खाली मापांची यादी लिहिली. उताराची लांबी, रुंदी, पायऱ्यांची उंची, चर्चच्या दाराची रुंदी.

बायकोने लाल पेन घेऊन कागद तपासला. अकरा चुका काढल्या. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमावर पेन टेकवून जरा थांबली.

"हे दोन नियम वेगवेगळे चांगले आहेत," ती म्हणाली. "पण एका घरात नांदतील का, शंका आहे."

"तू अक्षरं बघ, बाई. काम मला कळतं."

"बरं," ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं. त्याच कागदाच्या रंगीत प्रती काढून मी चौघांना पाठवल्या.

दर सोमवारी संध्याकाळी फोनवर सगळ्यांची बैठक. फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, बटण बायको दाबणार. पहिल्या बैठकीत जावयांचा फक्त छताचा पंखा दिसत होता. मेहुणीचं फक्त कपाळ. ठिणगी तोंडावर काळा मुखवटा घालूनच आला, म्हणाला, काम मध्येच सोडून आलोय. सुताराच्या मागे रंधायंत्र असं ओरडत होतं की तो काय बोलतो ते त्यालाही कळत नसावं.

मी म्हणालो, "आधी मौन प्रार्थना करू. मग काम."

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. प्रार्थना झाली. पण मीच प्रमुख, मीच आधी डोळे उघडले तर बरं दिसणार नाही, म्हणून थांबलो. कुणाचाच आवाज येईना. काय भाविक माणसं मिळाली आहेत, असं वाटून मला भरून आलं. शेवटी बायको स्वयंपाकघरातून चाकं ढकलत आली आणि म्हणाली, "अहो मुकादम, फोन बंद पडलाय."

नंतर कळलं की बाकीचेही तसेच बसले होते. दुसऱ्यांचं चालू असेल, आपण मध्येच कसं उठायचं. चार गावांत पाच माणसं वीस मिनिटं डोळे मिटून एकमेकांची वाट बघत होती. सुताराच्या रंध्यावर फळी तशीच राहिली आणि तिचं भुस्कट झालं.

पुढच्या बैठका मात्र झकास झाल्या. नमुना म्हणून एक सांगतो.

"ठिणगी, सांगाडा कुठवर आला?"

"चाललाय."

"कुठवर?"

"आता मुकादम, ते कसं सांगू? तिसरा नियम तुमचाच आहे."

"शाबास. सुतार, तुमचं?"

"प्रभूच्या कृपेने मागितल्याला कमी पडणार नाही, एवढंच सांगतो. पुढचं विचारू नका."

"जावईबापू?"

"आराखडा पाठवलाय, बाबा. तुम्ही सांगितलेल्या भावनेने काढलाय."

"भावनेने?" बायकोने बाजूने विचारलं. "किती फुटी भावना?"

मी तिला हाताने गप्प केलं. बैठक सहा मिनिटांत संपली. चाळीस वर्षांत माझ्या कुठल्याही कामावर इतकी शांतता नव्हती. मी खुशीत म्हणालो, "बघितलंस? एक शिवी नाही, एक भांडण नाही."

"एक आकडाही नाही," ती म्हणाली.

एकदा मी ठिणगीच्या दुकानात गेलो. सांगाडा भिंतीला टेकवून उभा होता. पट्टी माझ्या खिशात होती, चाळीस वर्षं तिथेच असते. हात खिशापर्यंत गेलाही. मग वाटलं, मोजलं तर त्याला वाटेल मुकादमाचा विश्वास नाही. हात तसाच बाहेर काढला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. "छान," म्हणालो. त्याचे डोळे पाणावले. वेल्डिंगमुळे असतील.

लग्न शनिवारी. दोन महिन्यांचे तीन झाले होते, उतार बसवायचा गुरुवारी. सुतार टेम्पो घेऊन आला. आम्ही चर्चच्या आवाराचं फाटक आतून लावून घेतलं, कुत्री आणि बघे आत येऊ नयेत म्हणून, आणि कामाला लागलो. मी, ठिणगी, सुतार आणि बाह्या सरसावलेले पाळक.

मी यादीत लांबी चोवीस फूट लिहिली होती. जावई पुलांचे इंजिनिअर. त्यांना वाटलं, सासूबाईंना चढ जाणवता कामा नये, म्हणून आराखड्यात सत्तावीस केली. ठिणगीला वाटलं, आपण आराखड्याच्या वर काहीतरी द्यायला हवं; त्याने सांगाडा एकोणतीस केला. सुताराने ठिणगीला गुपचूप विचारून एकोणतिसावर दोन फुटांचा तक्ता वाढवला, चाकं जमिनीवर अलगद उतरावीत म्हणून. शिवाय, कमी पडायला नको म्हणून जास्तीच्या फळ्यांचा आणखी अर्धा टेम्पो आणला. त्या ठेवायला जागा नव्हती. आम्ही त्या चर्चच्या मागच्या दाराला टेकवून रचल्या. मागचं दार, एवढं लक्षात ठेवा.

शेवटचा खिळा ठोकून मी मागे सरकलो, काम लांबून बघायला. मागे सरकायला जागा नव्हती. पाठ फाटकाला लागली.

"ठिणगी, फाटक उघड."

त्याने ओढलं. आमचं फाटक आत उघडतं. ते दोन बोटं उघडलं आणि उताराच्या टोकाला आपटलं. तो एकतीस फुटी, राजवाड्याला शोभेल असा उतार फाटकाला अडणा लावल्यासारखा बसला होता, आणि आम्ही चौघे आत कोंडलो होतो.

कुणी कुणावर ओरडलं नाही. पहिला नियम होता. पाळकांच्या बायकोने फटीतून एकेक कप चहा दिला. कप आडवा करावा लागत होता, म्हणून अर्धाच चहा आत येत होता. मी आतूनच फोन करून बायकोला सांगितलं.

"किती फूट झाला?" तिने विचारलं.

"एकतीस."

पलीकडून तोंडावर पदर दाबल्यासारखा आवाज आला. मग म्हणाली, "फाटक बिजागऱ्यांतून वर उचला. आणि उचलताना कमरेत वाका, गुडघ्यात नको. नाही, उलटं. गुडघ्यात वाका. मला हसू येतंय, मी ठेवते."

फाटक उचलून काढलं, भिंतीला टेकवलं. शिवी अजून एकही नाही. उतार मात्र असा सरळ, असा सावकाश चढणारा झाला होता की मी त्यावरून तीन वेळा उगाच चालत गेलो. थोडं जास्त झालं खरं, पण वाईट काही झालं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. शुक्रवारी मीही एक गुपचूप चांगलं काम केलं. इस्पितळाची जुनी खुर्ची एक दिवस आधीच परत देऊन आलो. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल. कुणाला बोललो नाही.

नवी खुर्ची घेऊन मेहुणी शनिवारी सकाळी, लग्नाला तासभर उरला असताना उतरली. खुर्ची बघून माझी बायको एकदम लाजलीच. काळी चामड्याची पाठ, हातांना जाड गाद्या, चाकं चांदीसारखी.

"ताई, बस बघू," मेहुणी म्हणाली.

बायको बसली. दोन्ही हात गाद्यांवर ठेवले. "यावर बसून मला शाळा परत चालवावीशी वाटते," म्हणाली.

"दारातून जाईल ना?" मी सहज विचारलं.

"भाऊजी, तुमच्या मापानेच घेतलीय."

माझ्या मापाने म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

दहा वाजता सगळी मंडळी आत बसली. नवरदेव पुढे उभा. पाळक पुढे उभे. त्यांना बारा वाजता शेजारच्या गावी दुसरं लग्न लावायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. ठरलं असं होतं की आधी आजी आत जाणार, तिच्यामागे नवरी वडिलांच्या हाताला धरून.

मी खुर्ची ढकलायला लागलो. तो उतार काय सांगू! चाकांचा आवाज नाही, हिसका नाही. बायकोने मान जराही वळवली नाही, पण तिचे खांदे मला मागून दिसत होते. वर्षभर ते खिडकीखाली वाकलेले असायचे. आज सरळ होते. आत सगळे उठून उभे राहिले. मी अभिमानाने शेवटचा रेटा दिला, थोडा जास्तच.

खुर्ची पुढून निमुळती होती, मागे रुंद. पुढची चाकं उंबऱ्याच्या आत गेली. मग गाद्या दगडी चौकटीत शिरल्या, दबल्या आणि फुगल्या. खुर्ची थांबली.

मी पुन्हा रेटलं. आणखी दोन बोटं आत गेली आणि पक्की बसली. मागे ओढली, ती तिथेच. बाटलीत बूच बसावं तशी माझी बायको चर्चच्या दारात बसली होती. गुडघे आत, पाठ बाहेर.

"काय झालं?" तिने पुढेच बघत विचारलं.

"काही नाही. जरा अडकलीय."

"कुठे?"

"दारात."

"ते मला दिसतंय, अहो. मी दारातच आहे."

ठिणगीने आतून ओढलं, जावयांनी आणि मी बाहेरून ढकललं. तो म्हणाला, गाद्यांचे बोल्ट काढावे लागतील, पण पाने दुकानात. आणि तो आत. मागच्या दाराने जा म्हटलं, तर मागच्या दाराला अर्धा टेम्पो फळ्या. म्हणजे आत एकशे वीस माणसं, पाळक आणि नवरदेव. बाहेर उतारावर नवरी, तिचे आईवडील, सुतार, मेहुणी आणि मी. मधोमध बायको.

आतून कुणीतरी म्हणालं, "चौघे मिळून उचला ना."

"हात लावून बघा," बायको म्हणाली. तो माणूस लहानपणी तिच्याच वर्गात होता. तो खाली बसला.

नात मागून म्हणाली, "आजी आत गेल्याशिवाय मी आत येणार नाही."

"तू येणार तरी कुठून, बाळ?" आजी म्हणाली. "दार माझ्याकडे आहे."

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. चाळीस वर्षांच्या शिव्या जिभेच्या टोकावर रांग लावून उभ्या राहिल्या, हजेरीच्या वेळी मजूर उभे राहतात तशा. मी वळलो, आणि मला पहिली दिसली ती मेहुणी.

"एवढी रुंद खुर्ची घ्यायला तुला सांगितलं कुणी?"

ओरडलो नव्हतो. पण आवाज चढला होता. तिचं तोंड पडलं. तिने पिशवीतून एक कागद काढला, घड्या मोडल्या आणि माझ्या हातात दिला. माझेच तीन नियम. खाली माझीच यादी. लाल पेनाच्या अकरा खुणा. आणि शेवटच्या ओळीत माझ्याच अक्षरात, वळणदार, बाईंनी शिकवलं तसं: दाराची रुंदी एकतीस इंच.

"तीस इंची खुर्ची घेतली," ती हळू आवाजात म्हणाली. "अठ्ठावीस इंचीही होती. म्हटलं, ताईला ऐसपैस बसता यावं. दारात एक इंच राहतोच की."

मी खिशातली पट्टी काढली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. बायकोच्या खांद्याच्या वर चौकटीला लावली. अठ्ठावीस.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. मुकादमाला एक सवय असते. फळी मागायची तर लागते त्यापेक्षा चार बोटं जास्त मागायची. जास्तीची कापता येते, कमी पडली तर जोडता येत नाही. यादी लिहिताना प्रत्येक मापात माझा हात आपोआप चार बोटं पुढे गेला. फळीत गेला, लोखंडात गेला, आणि तसाच दारातही गेला. फक्त दार कापता येत नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. आतले उभे राहून, बाहेरचे रांगेतून मान काढून. सांगून टाकतो, त्या क्षणी मला एक सोपी वाट दिसली होती. अक्षरं उतारवयात शिकलोय, लिहिताना चूक झाली असेल, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानलं असतं.

"चार बोटं मी वाढवली," मी म्हणालो. "माप मला माहीत होतं. मीच वाढवली. आणि तुम्ही कुणी मोजू नये, विचारू नये, असा नियमही मीच केला. मेहुणीबाई, चूक माझी आहे. सगळ्यांसमोर माफी मागतो."

मग मागून जावई खाकरले. "बाबा, तीन फूट मी वाढवले होते."

"दोन मी," आतून ठिणगी.

"दोन मी," सुतार म्हणाला, "आणि त्या फळ्याही माझ्याच. कुणी मागितल्या नव्हत्या."

पाळकांनी आतून विचारलं, "अजून कुणी काही वाढवलंय का? आत्ताच सांगा."

"जुनी खुर्ची मी कालच परत केली," मी म्हणालो.

बायकोचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मी वाकून बघितलं. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, "मी अक्षरं तपासली, आकडे नाही. तुम्हीच म्हणालात, तू अक्षरं बघ." मग डोळे पुसले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "सुतार, वेल्डरच्या दुकानात जा, पाने आणा. पाळकसाहेब, तुम्हाला बारा वाजता दुसरीकडे जायचंय ना? मग इथेच या. पाने येईपर्यंत लग्न लावून घेऊ."

"इथे? दारात?"

"नवरा आत आहे, नवरी बाहेर आहे, मी दोघांच्या मध्ये आहे. याहून सोयीची जागा कुठली?"

बाकं गर्रकन फिरवली गेली. शेवटच्या रांगेतले उशिरा येणारे लोक पहिल्यांदाच पहिल्या रांगेत आले आणि अवघडून बसले. पाळक नवरदेवाशेजारी उभे राहिले, आजीच्या पायांशी. नवरी तिच्या पाठीशी. मी खुर्ची धरून, उगाच.

पाळकांनी विचारलं, "या विवाहाला कुणाची हरकत आहे का?"

"आहे," बायको म्हणाली. नवरदेव पांढराफटक पडला. "पण ती दाराबद्दल आहे. तुमचं चालू द्या."

अंगठ्या तिच्या मांडीवर ठेवल्या होत्या. नवरदेवाने तिच्या डाव्या खांद्यावरून हात बाहेर काढला, नवरीने उजव्या खांद्यावरून आत. दोघांचा हात पोचेना. तिने दोन्ही हात धरले आणि आपल्या पदरावर आणून एकमेकांत ठेवले. वचनं तिच्या डोक्यावरून गेली. एकदा नवरदेव अडखळला, तर तिने हळूच पुढचा शब्द सांगितला.

तेवढ्यात सुतार पाने घेऊन आला. चार बोल्ट, दोन गाद्या. पाच मिनिटांचं काम. खुर्ची सुटली, आणि मी विचारलं, "मागे घेऊ, की..."

तिने मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की मी प्रश्न गिळला आणि पुढे ढकललं.

खुर्ची आत गेली. मधल्या वाटेने, सरळ, तिच्या जुन्या जागेपर्यंत. तिच्यामागे नात, उंबरा ओलांडून. तिने ठरवलं होतं तसंच. मग बायकोने गाणं धरलं. आतून. एक वर्षाने कडवी एकेकदाच संपत होती. दुसऱ्या कडव्याला मी गायचं थांबलो, कारण मला नीट दिसत नव्हतं. तिथे वेल्डिंग चालू नव्हतं.

पाळक दुसऱ्या लग्नाला दीड तास उशिरा पोचले. तिथल्या लोकांना त्यांनी कारण खरं सांगितलं आणि कुणीही विश्वास ठेवला नाही.

पुढे आम्ही ती चौकट काढून छत्तीस इंचांची केली. या वेळी मी मोजलं, ठिणगीने मोजलं, सुताराने मोजलं आणि बायकोने खुर्चीत बसून आकडे वहीत लिहून घेतले. जुने नियम राहिले, फक्त तिने खाली लाल पेनाने चौथा लिहिला: जास्त द्यायचं असेल तर आधी सांगायचं. फाटक मात्र परत कधी बसवलं नाही. उतार तिथे आहे ना.

माझी बायको लग्नानंतर दोन वर्षांनी वारली. पणतूच्या पहिल्या वाढदिवसानंतर चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी, झोपेत. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिची पेटी आम्ही चाकांच्या गाडीवर ठेवून उतारावरून आत नेली आणि तशीच बाहेर आणली. उचलली ती फक्त कबरीपाशी, तिने सांगितलं होतं तशी, एकदाच.

पेटी सुताराने केली होती. मापं मी त्याला स्वतः दिली, बरोबर दिली, एक बोटही जास्त नाही. पेटी आल्यावर सवयीने पट्टी काढली आणि मोजली. चार बोटं जास्त होती.

मी कुणाला बोललो नाही.